तेलाच्या डागाचा राखणदार

मी हेडबोर्ड बोलतोय. दिंडोशीच्या एका वसाहतीत, शेवंतीबाईंच्या पलंगाच्या उशाशी, भिंतीला पाठ लावून उभा आहे. दुकानातला समजू नका मला. या बाईंनी मला घरात, स्वतःच्या हाताने बनवलंय. हे त्या कुणाला विसरू देत नाहीत, मीही देणार नाही.

मी का झालो, ते आधी सांगतो. माझ्या मागच्या भिंतीवर एक डाग आहे. ताटलीएवढा, तेलकट. तो शिवदासांचा, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा. मरोळच्या कारखान्यातून आले की डोक्याला खोबरेल चोपडून ते तिथे टेकून बसायचे. "उठा! भिंतीची वाट लावलीत!" असं बाई जन्मभर ओरडल्या म्हणे. सगळ्या मजल्याला ते पाठ होतं.

शिवदास गेले. मग मुलगा सुयोग मुलुंडहून आला आणि म्हणाला, "आई, घराला नवा रंग काढू या. ही भिंत बघ, कसली कळकट!"

"ही सोडून बाकीच्या रंगव."

"का पण?"

"मी सांगते म्हणून."

खरं कारण सांगतील तर त्या शेवंतीबाई कसल्या!

मी तेव्हा कपाटाचं दार होतो. वरच्या मजल्यावरच्यांनी घर नवं केलं आणि मला जिन्याखाली टाकलं. बाईंनी मला ओढत घरात आणलं. शेजारची दर्शना हसली, "काकू, सुताराला बोलवा ना!"

"का गं? त्याला काय चार हात आहेत?"

मोबाइलवर बघून बघून त्या शिकल्या. सुरीने फोम कापला, माझ्यावर चिकटवला. वर करडं सोफ्याचं कापड ताणलं, कडा मागे वळवून बारीक खिळ्यांनी ठोकल्या. कोपऱ्याला चुणी पडली की सगळं उखडायचं, परत ठोकायचं. बोट ठेचलं, तर शिव्या हातोडीला. मग मला डागावर, भिंतीला स्क्रूने बसवलं. पाठीला कडीचं भोक तेवढं राहिलं. त्यातूनच मला तो डाग दिसतो.

रंगारी म्हणाला, "आजी, हे काढावं लागेल."

"आजूबाजूने मार."

"आई, मागे जुना रंग राहील ना!" सुयोग वैतागला.

"राहू दे. मागे कोण बघायला जातंय?"

मी जिंकलो, आणि एकटा पडलो. मला मऊ केलं ते टेकायला, पण टेकतं कोण? बाई आपल्या कडेला, उशी खाली ओढून झोपतात. दिवसा पायथ्याशी बसून भाजी निवडतात. सुयोग सणाला येतो, मोबाइल चार्जिंगला लावतो, खुर्चीत बसतो, चार्जिंग झालं की निघतो. शिवदासांच्या कडेची उशी तर अजून फुगलेलीच आहे. आधी मागून खोबरेलाचा वास यायचा, तेवढीच सोबत. आता तोही येत नाही.

आणि आता ही इमारतच पाडणार आहेत. घरभर खोकी पडलीत. सकाळी सुयोग म्हणाला, "आई, हा हेडबोर्ड राहू दे इथेच. नवा घेऊ, झकास!"

बाईंनी खोक्याला दोरी बांधून ते त्याच्या हातात दिलं.

तो खोकी घेऊन खाली उतरला. बाईंनी माझे स्क्रू काढले, मला बाजूला सरकवलं. डाग उघडा पडला. बराच वेळ त्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या.

"उठा आता," हळूच म्हणाल्या. "निघायचंय."

भिंतीतून कोण उठणार?

मग मला परत जागेवर उभं करून त्या पलंगावर चढल्या. शिवदासांच्या कडेला. आणि टेकल्या. नुकतंच न्हाऊन तेल घातलेलं डोकं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर कुणाचा भार पडला. उठल्या तेव्हा करड्या कापडावर गोल ओला ठसा होता. त्यांनी तो पाहिला. पुसला नाही.

खाली टेम्पो उभा आहे. सुयोग, भिंत काही टेम्पोत चढत नाही रे. मी चढतो. मला ने, आणि हा ठसा धुऊ नकोस.