दोन लाल फुल्या

त्या लाँड्रीत कपडा माणसाचा नसायचा, घराचा असायचा. प्रत्येक घराला एक खूण ठरलेली. डॉक्टरांच्या घरची हिरवी तिरपी रेघ, शाळेतल्या बाईंच्या घरचे तीन पिवळे ठिपके. ती कॉलरच्या आत दोऱ्याने घालायची, मग शर्ट बापाचा असो की लेकाचा, त्याच गठ्ठ्यात जाणार. ही पद्धत मामंजींची आणि तिचा त्यांना कोण अभिमान! चाळीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे गेला नाही, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक नसलं तर सुनेला सांगत.

सुनेला सगळा रस्ता वहिनी म्हणायचा. दुकान वहिनी चालवायची. मामंजी दुकानात बसायचे.

सोमवारी सकाळी पायरीवाला आत आला. शेजारची बँक बंद पडल्यापासून तिच्या रुंद पायरीवर तो दीड वर्ष झोपत होता, म्हणून हे नाव. औषधवाल्याच्या मते तो दारू प्यायचा, चपलावाल्याच्या मते तो चोर असणार, आणि मामंजींच्या मते त्याला वास यायचा. त्याला पिताना किंवा चोरताना कुणी पाहिलं नव्हतं. राहिला वास. ज्याला नळ नाही त्याला वास येणारच, त्यात मत कसलं द्यायचं?

त्याने कागदात गुंडाळलेला निळ्या रेघांचा शर्ट काउंटरवर ठेवला.

"गुरुवारी सकाळी हवाय. दहा वाजता गोदामात बोलावलंय. पहारेकऱ्याची जागा आहे. राहायला खोली देतात."

"मिळेल, काका."

"पावती द्या."

वहिनीने पावतीपुस्तक ओढलं. कपडे, खूण, घर. 'घर' ह्या रकान्याशी पेन अडलं. तो शांतपणे रस्त्याकडे पाहू लागला. ह्या रकान्याशी त्याची जुनी ओळख असावी.

बिनखुणेचा कपडा टाकीत टाकला की तो गेलाच. नवी खूण द्यायची तर वहीत नवं पान उघडावं लागणार, आणि पान उघडलं की मामंजी विचारणार, हे कुणाचं? वहिनीच्या सुईत लाल दोरा ओवलेला होता. तिने कॉलरच्या आत दोन लाल फुल्या घातल्या. ती तिच्या स्वतःच्या घरची खूण. पावतीवरही दोन फुल्या काढल्या, घराचा रकाना तसाच सोडला. शर्ट वाळला की आपणच बाजूला काढू, असं तिने ठरवलं. हा भलेपणा होता की भित्रेपणा, ते ज्याचं त्याने ठरवावं. थोडं थोडं दोन्ही होतं.

बुधवारी लॉजच्या चादरींचा डोंगर आला आणि ठरवलेलं राहून गेलं. इस्त्रीवाल्याने शर्ट हातात घेतला, कॉलर उलटली, फुल्या पाहिल्या. वीस वर्षांत त्याने खुणेपलीकडे काही पाहिलं नव्हतं, आणि त्याला पाहायला कुणी सांगितलंही नव्हतं. कडक इस्त्री होऊन शर्ट घरच्या गठ्ठ्यातून वरच्या मजल्यावर, त्यांच्या घरी गेला.

गुरुवारी नऊ वाजता लाँड्रीतच दुकानदारांची बैठक होती. वेल्डिंगवाला नमुना म्हणून लोखंडी दात्यांची पट्टी घेऊन आला होता. ती पायरीवर ठोकली की तिथे ना कुणी बसेल, ना झोपेल. अध्यक्ष अर्थातच मामंजी. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थबकली. मामंजींच्या अंगावर निळ्या रेघांचा शर्ट होता. तिसरं बटण तपकिरी, बाकीची पांढरी.

"शर्ट झकास आहे हो," चपलावाला म्हणत होता. "दहा वर्षांनी लहान दिसताय."

"सुनेने आणलाय. न सांगता कपाटात ठेवून दिला. आमची सून बोलत नाही, करून मोकळी होते."

अकरा वर्षांत मामंजींनी चारचौघांत केलेलं हे तिचं पहिलं कौतुक. वहिनीचं धाबं दणाणलं.

मामंजी बोलायला उभे राहिले. "माझं कुणाशी वैर नाही. पण ह्या लोकांना अंगावरच्या कपड्याचीसुद्धा शुद्ध नसते. जवळून गेलं तरी…" आणि त्यांनी बाही नाकाशी धरून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात पायरीवाला आला. केस ओले करून विंचरलेले, हातात पावती. जुन्या स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली होती, तरी आत काही नाही हे दिसत होतंच. खुर्च्यांतले गुडघे आपसूक आत घेतले गेले. त्याने काउंटरवर पावती ठेवली, वळून पाहिलं, आणि त्याची नजर त्या तपकिरी बटणावर थांबली. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "झाला नसेल तर राहू दे. स्वेटरवर जातो."

तो तिला सांभाळून घेत होता. तेच तिला झोंबलं. वर नवऱ्याचे चार शर्ट होते. त्यांतला एक आणून दिला असता तर झाकली मूठ राहिली असती, कौतुकही राहिलं असतं. पण पावती ह्या शर्टाची होती.

"मामंजी, शर्ट काढा."

"काय?"

"तुमच्या अंगावरचा शर्ट ह्यांचा आहे. चूक माझी. ह्यांना खूण नव्हती, म्हणून मी आपल्या घरची घातली."

चहा प्यायचं कुणाला सुचेना. मामंजींनी कॉलरमागे हात घालून फुल्या चाचपल्या. त्या बोटाला लागल्या. रागाने लाल झाले, पण खुणेविरुद्ध बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती. एकेक बटण काढून त्यांनी शर्ट दिला.

पायरीवाल्याने कॉलर नाकाशी नेली आणि वास घेतला.

"घामाचा येतोय जरा," तो काळजीने वहिनीला म्हणाला. "तिथे कळेल का हो?"

हा टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, हसण्यावारी तरी नेता आला असता.

वहिनीने पाणी शिंपडून कॉलरवरून आणि काखेवरून गरम इस्त्री दोनदा फिरवली. मग फुल्या उसवायला कात्री उचलली.

"राहू दे," तो म्हणाला. "हरवला तर कुणीतरी इथे आणून देईल."

टांगलेल्या कपड्यांच्या रांगेमागे जाऊन त्याने शर्ट घातला. वहिनीने रीतीप्रमाणे पावती फाडली. कुठलंही गिऱ्हाईक आभार मानायला थांबत नाही, तसा तोही थांबला नाही. खुर्च्यांतले गुडघे पुन्हा आत गेले.

वेल्डिंगवाल्याने हातातली पट्टी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मग पायरीचं माप घेऊ का?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मामंजी बनियनवर बसले होते, दोन्ही हात छातीशी घेऊन.

"माप राहू दे. आधी मला घालायला काहीतरी आणा," ते म्हणाले. "चारचौघांत माणसानं असं किती वेळ बसायचं?"

वहिनी शर्ट आणायला जिना चढू लागली, पण सावकाश.