बेलिफाने केलेली इस्त्री

आमच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्याला कोर्टाने दंड केला, तो कपड्यांची गाडी नको तिथे उभी केल्याबद्दल. एकदाच केली असती तर गोष्ट वेगळी. पण याला ती जागाच आवडली होती. दंडावर दंड चढला आणि भरायला खिशात दमडी नाही. हप्ते बांधून मिळतील, फक्त स्वतः येऊन मागा, असं नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं. तरी गडी जाईना. कोर्टात जायचं तर इस्त्रीचा शर्ट हवा, आणि स्वतःच्या शर्टाला इस्त्री करायला त्याला फुरसत नव्हती. आधी गिऱ्हाईक, हा दुकानाचा कायदा.

शेवटी कोर्टाचा बेलिफ आला. घामाघूम, काखेत फाईल.

"वाफेची इस्त्री जप्त करायची आहे," तो म्हणाला.

लाँड्रीवाला मटकन स्टुलावर बसला. इस्त्री गेली की दुकान गेलं.

"करा की," त्याची बायको म्हणाली. "पण आधी ही निळी पँट होऊ दे. तुमचीच आहे."

बेलिफाने पँट ओळखली. आवाज खाली आला. "अहो, हप्ते मागायला का नाही आलात?"

"साहेब, हा शर्ट बघा. उशीखालून काढल्यासारखा. असा उभा राहू न्यायाधीशांसमोर?"

"इथे ढीगभर शर्ट टांगलेत," बायको उसळली. "एक घाला म्हटलं, तर म्हणे गिऱ्हाइकाचा शर्ट घालणं म्हणजे चोरी!"

बेलिफाने घड्याळ पाहिलं. "न्यायाधीशसाहेब अजून कोर्टात बसलेत. काढा तो शर्ट."

पण लाँड्रीवाल्याचे हात असे थरथरत होते, की शर्टाचा कोळसाच झाला असता. बेलिफाने फाईल ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

"तुम्हाला येतं?" बायकोने विचारलं.

"घरी मीच करतो, वहिनी."

"मग पँट इथे कशाला टाकता?"

"पँट अवघड असते."

तासाभरात लाँड्रीवाला न्यायाधीशांपुढे उभा होता. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. एका बाहीला दोन घड्या, दुसरीला एकही नाही, कॉलर एका कानाशी गुजगोष्टी करतेय.

"धंदा काय?"

"लाँड्री, साहेब."

"आणि ही इस्त्री तुम्ही केलीत?"

"नाही साहेब. कोर्टाने केली."

दाराशी उभा असलेला बेलिफ छताकडे पाहू लागला. मग सगळं ऐकल्यावर न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला, तो बराच वेळ काढला नाही. जप्ती थांबली, झेपतील असे हप्ते बांधून मिळाले. वर एक सूचना: हप्ता भरायला येताना इस्त्री स्वतः करायची.

तेव्हापासून महिन्यातून एकदा लाँड्रीवाला कडक शर्टात, भांग पाडून गल्लीतून जातो. बायको दारात उभी राहून तो वळेपर्यंत बघते.

"दंड लवकर फिटायला नको हो," परवा शेजारणीला सांगत होती.