खाचेखाली दोन वीत

मी सीना नदीच्या डोहात उभा असलेला दगड बोलतोय. बातमी आली तो बुधवार इतर बुधवारांसारखाच होता. पलीकडच्या हिवरखेलचा हनुमंत नऊच्या सुमाराला आला, चपला काठावर काढून पाण्यात उतरला आणि माझ्या डोक्यावर हात टेकून अलीकडच्या धामणवाडीच्या वाटेकडे बघत राहिला. काठावर बायका गोधड्या धूत होत्या. धामणवाडीचा रामहरी अजून आला नव्हता.

"आमचे पाव्हणं आज झोपले जनू," हनुमंत त्यांना म्हणाला.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. रामहरीची मुलगी रोहिणी बोलत होती. आवाज मलाही ऐकू आला.

"नाना, आप्पा गेले. आत्ता, चहा घेताना. कपसुद्धा खाली ठेवला नव्हता."

हनुमंत म्हणाला, "आज बुधवार हाय ना गं." आणि तसाच ओल्या पायांनी धामणवाडीचा काठ चढून गेला. त्याच्या चपला दिवसभर पलीकडे पडून होत्या.

मला इथे आणलं तेव्हा या नदीला दोन देश होते. धामणवाडीवर इंग्रजांचा अंमल, हिवरखेलवर निजामाचा. नाणं वेगळं, कचेरी वेगळी, फौजदार वेगळा. नदी मात्र एकच. उन्हाळ्यात तिचं वाहणं थांबलं की हा डोह तेवढा उरायचा आणि त्यावरून डोकी फुटायची. एका वर्षी दोन्ही गावांचे पाटील बोलायला आले. कोणीच दुसऱ्याच्या हद्दीत पाय ठेवायला तयार नव्हता, म्हणून दोघे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बोलले. तिथेच माझं ठरलं. मी धामणवाडीच्या माळावरचा. मला वाहून आणणारी गाडी आणि बैल हिवरखेलचे. त्यामुळे मी कुणाचा हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

माझ्या अंगावर एक आडवी खाच पाडली. पाणी त्या खाचेखाली दोन वीत उतरलं की दोन्ही काठांवरच्या मोटा थांबवायच्या. खाली उरेल ते माणसांना आणि जनावरांना प्यायला.

पण वीत कुणाची धरायची? धामणवाडीच्या मोटा कधी थांबवायच्या ते हिवरखेलच्या माणसाने वीत लावून सांगायचं आणि हिवरखेलच्या कधी थांबवायच्या ते धामणवाडीच्या माणसाने. दर बुधवारी दोघांनी एकाच वेळी पाण्यात उतरायचं. आपलं माप आपल्या हाताने घ्यायचं नाही. याचा कागद झाला नाही. दोन्ही सरकारांना कुणी कळवलंही नाही.

पुढे ती सरकारं गेली. मोटांच्या जागी इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी. दोन देशांचे दोन जिल्हे झाले. बुधवार तेवढा राहिला.

रामहरी आणि हनुमंत सव्वीस वर्षं येत होते. रामहरीचा पंजा मोठा, वीत भरपूर. हनुमंतची करंगळी तरुणपणी बैलाच्या कासऱ्यात अडकून वाकडी झालेली, त्यामुळे त्याची वीत तोकडी. दर उन्हाळ्यात धामणवाडीच्या मोटारी एक बुधवार आधी बंद व्हायच्या.

"पाव्हणं, त्या करंगळीला तेल लावा जरा," रामहरी म्हणायचा. "तिच्यापायी आमच्या गायांचा घास वाळतो."

"आन् तुमचा पंजा? मानसाचा हाय व्हय त्यो? अस्वल परवडलं."

रामहरीला बोटं आखडून घेता आली असती. पलीकडच्या मोटारीही लवकर थांबल्या असत्या. बोटं किती ताणली ते काठावरून कुणाला दिसणार? पण आधी तो खांद्यावरच्या पंच्याने माझी खाच पुसायचा, शेवाळ काढायचा, आणि मग अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात असा ताणायचा की कातडी पांढरी पडायची. हे मला ठाऊक आहे. तो हात माझ्यावरच असायचा.

तीन वर्षांपूर्वी पाऊस फारच कमी झाला. हनुमंतच्या वितीने धामणवाडीचं माप भरलं, तेव्हा रामहरीचा धाकटा भाऊ अजिनाथ काठावर येऊन उभा राहिला. त्याच्या उसाला एक पाणी द्यायचं राहिलं होतं.

"दादा, दोन दिस फक्त."

"हात त्यांचा लागलाय, अजिनाथ."

"वाकडाच हाय की त्यो हात!"

पाण्यात उतरून रामहरीने भावाच्या मोटारीचा पाइप स्वतः ओढून काठावर टाकला. अजिनाथचा ऊस वाळला. त्या मे महिन्यात आजूबाजूच्या गावांत टँकर फिरत होते. या दोन गावांच्या विहिरींना मात्र डोहाचा पाझर होता. तरी गावात रामहरीला 'हिवरखेलचा जावई' म्हणू लागले. अजिनाथ त्याच्याशी पुन्हा बोलला नाही.

रामहरीचा दहावा इथेच, माझ्यासमोर झाला. विधी आटोपल्यावर हनुमंत उभा राहिला.

"सुतकात एक बुधवार गेला. येत्या बुधवारी धामणवाडीचा हात कुनाचा?"

सगळे खाली बघत होते. अजिनाथ म्हणाला, "दादा गेला, त्याचं माप त्याच्यासंगं गेलं. लई वर्सं लुबाडलं आमाला त्या करंगळीनं."

"लुबाडलं असंल. पन मे महिन्यात तुमच्या हिरीला पानी हुतं का न्हवतं?"

मग बायकांमधून रोहिणी उठली. ती श्रीरामपूरला शाळेत शिकवते. "मी येईन," ती म्हणाली. "रजा वाढवते."

तिचा हात लहान आहे. कुणीतरी हसलं, "नाना, हिच्या वितीनं तुमच्याच मोटारी आधी थांबतील की!"

"थांबू द्या. हात त्या काठाचा पायजे. बारका का मोठा, आमचं आमी बघू."

तो बुधवार काल झाला. पाणी इतकं उतरलं होतं की आता कुणाचीही वीत लावली तरी माप भरलं असतं. हनुमंत माझ्याजवळ उभा होता. रोहिणी आली. चपला हातात, रामहरीचा पंचा खांद्यावर. तिने एक पाय पाण्यात टाकला, तेवढ्यात मागून तिची आई मालनबाई आली. वर, वाटेवर, अजिनाथ मोटारसायकलवर बसून होता. तो इकडे बघत नव्हता.

मालनबाई हळू आवाजात म्हणाली, "तू उद्या श्रीरामपूरला जाशील, बाई. मला हितंच ऱ्हायचंय. आपलं घासाचं वावर भावजींच्या मोटारीवर हाय. दोन गाया हायेत दारात."

"आई, आप्पांनी एवढी वर्षं..."

"त्यांनी केलं. तवा ते हुते."

रोहिणीने पाय मागे घेतला. तिने हनुमंतकडे बघितलं, पण नजर त्याच्यापर्यंत पोचायच्या आत खाली गेली. "नाना, पुढच्या बुधवारी बघू."

"पुढच्या बुधवारी काय मोजायचं, पोरी?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने हात पसरून माझ्याजवळ आणला आणि माझ्या अंगाला लागायच्या आत मिटून घेतला. एका हाताने माप घ्यायची रीत नाही. त्याच्या काठावरून हाक आली, "नाना, त्यांच्या चालूच हायेत. आमी बी चालू करतो!" हनुमंत व्हय म्हणाला नाही, न्हाई म्हणाला नाही. सावली पायाखाली येईपर्यंत तो उभा होता. मग गेला.

मोठ्या नद्यांवरही देश असेच समोरासमोर उभे असतात म्हणे. काठावर बसलेले लोक मोबाईलवर ऐकतात, ते माझ्याही कानावर पडतं. त्यांचे करार असतात, सह्या असतात. मला त्यातलं कळत नाही. मला ज्यांनी इथे उभं केलं त्यांच्याकडे कागद नव्हता. आपलं माप समोरच्याच्या हाती द्यायची तयारी तेवढी होती. तुमच्या गावाजवळ अशी वाटून घ्यायची नदी असेल, तर तिच्यात उतरणारा तुमचा माणूस कोण, ते बघून ठेवा. तो आहे तोवर त्याच्या मागे उभे राहा.

दोन्ही काठांवरच्या मोटारी चालू आहेत. पाणी खाचेपासून तीन वीत खाली गेलं असेल, पण हा माझा नुसता अंदाज आहे. या बुधवारचं माप घ्यायचं राहिलं.