वहीतली माणसं

ताईंनी वहीचं चिकटलेलं पान नखानं सोडवलं आणि समोरच्या अधिकाऱ्यांना वाचता यावं म्हणून वही त्यांच्याकडे फिरवली. अधिकाऱ्यांनी चष्मा नाकावर सरकवला, पान वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"यात नावंच नाहीत."

"आहेत की. शिलाई, किल्लीवाला, मास्तर, जुळ्यांची आई..."

"ही नावं?"

"मला कळतात," ताई म्हणाल्या आणि जरा ओशाळल्या. "खरी नावं मागच्या पानांवर आहेत. सांगते मी."

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एका लांब पॅसेजच्या टोकाला रक्तपेढी होती. ताई तिथे एकतीस वर्षं होत्या. वहीत होती ती फक्त एका रक्तगटाची माणसं. लाखांत मोजक्यांचाच असतो असा तो गट, आणि अशा माणसाला दुसऱ्या कुठल्याच गटाचं रक्त चालत नाही. तसा रुग्ण आला की इतर रुग्णालयांची दोन-दोन दिवस धावाधाव होई. इथे सरासरी निघाली साडेतीन तास. वार्षिक अहवालात तो आकडा पाहून वरच्या मजल्यावरच्या व्यवस्थापनाला प्रश्न पडला, की आपण असं वेगळं करतो तरी काय? यंत्रं तीच, शीतकपाटं तीच, माणसं तर इतरांपेक्षा कमीच. शेवटी रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, "आमच्याकडे ताई आहेत."

आणि ताई महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. म्हणून गुणवत्ता विभागाचे हे अधिकारी चार दिवसांपासून लॅपटॉप घेऊन येत होते. ताईंना जे ठाऊक आहे ते संगणकात भरायचं, म्हणजे त्या गेल्यावर कुणाचं अडायला नको.

"शिलाई," अधिकारी म्हणाले. "शेऱ्यात काय लिहू?"

"दुपारी दोनच्या आत फोन नको. मशीन चालू असतं, ऐकू येत नाही. आणि आधी गुडघा कसा आहे ते विचारायचं."

"गुडघा कशाला?"

"दुखतो म्हणून."

अधिकाऱ्यांनी टाइप केलं. "किल्लीवाला?"

"तो आधी नाही म्हणतो. दरवेळी. आपण फोन ठेवायचा नाही, बोलायचंही नाही. गप्प राहायचं."

"गप्प राहायचं," अधिकारी पुटपुटले. शेऱ्याच्या रकान्यात शंभरच अक्षरं मावत होती. त्यांनी 'संयम ठेवावा' असं लिहिलं. "हे सगळं विचारता कधी तुम्ही?"

"रक्त निघायला दहा मिनिटं लागतात. माणूस आडवा पडलेला, जाणार कुठे? बोलतो."

"आणि तुम्ही?"

"मी पिशवी हलवते. ऐकते."

सातवं नाव भरून झालं तेव्हा प्रसूतिगृहातून फोन आला. दुपारी बाळंत झालेल्या बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट तोच. किमान दोन पिशव्या हव्या होत्या आणि कपाटात एकही नव्हती.

ताईंचा हात फोनकडे गेला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आतून आल्या.

"ताई, दहा मिनिटं थांबा. नव्या यंत्रणेतून संदेश जाऊ दे. पुढच्या महिन्यापासून हेच करायचंय, आज तुम्ही आहात तोवर कळलेलं बरं."

बोलणं रास्त होतं. ताईंनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. अधिकाऱ्यांनी बटण दाबलं, सात जणांना संदेश गेला. तिघेही पडद्याकडे बघत उभे राहिले. चौथ्या मिनिटाला कुणीतरी अंगठा पाठवला.

"येतोय!" अधिकारी म्हणाले.

"वाचलं, असं म्हणतोय," ताई म्हणाल्या.

दहा मिनिटं झाली. डॉक्टरीणबाईंनी ताईंकडे पाहून मान हलवली, आणि ताईंनी वही न बघताच नंबर फिरवला.

"मी रक्तपेढीतून बोलतेय. आज लागेल."

पलीकडून किल्लीवाल्याचा आवाज अधिकाऱ्यांनाही ऐकू आला. आज जमणार नाही, दुकानात एकटाच आहे, आणि हे काय, दरवेळी मीच सापडतो का तुम्हाला? ताई काही बोलल्या नाहीत. टेबलावरची टाचणी त्यांनी उचलून डबीत टाकली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा फिरला.

"कोण आहे?" पलीकडून आवाज उतरला.

"बाळंतीण आहे."

"शटर ओढतो," तो म्हणाला.

अधिकाऱ्यांनी शेऱ्याचा रकाना पुन्हा उघडला, 'संयम ठेवावा' खोडलं आणि रकाना रिकामाच ठेवला.

ताईंनी पुढचा नंबर लावला होता. मास्तर. एकोणीस वर्षांत मास्तर कधी नाही म्हणाले नव्हते; उलट फोन यायला उशीर झाला तर 'विसरलात काय आम्हाला?' म्हणून रागवायचे. फोन एका बाईनं उचलला.

"मास्तर आहेत का?"

"कोण बोलतंय?"

"रक्तपेढीतून. ताई म्हणून सांगा, ओळखतील."

"बाबा गेले हो. दोन महिने होऊन गेले."

ताई खुर्चीत सरळ बसल्या. "अहो, मला..."

"तुमचं नाव घ्यायचे. पण तुमचा नंबर काही आम्हाला सापडला नाही."

"नाही, नाही. बरोबर आहे. तुम्ही तरी कुणाकुणाला कळवणार!"

फोन ठेवून त्यांनी वही पुढे ओढली. पेनाचं टोपण काढलं. मास्तर या शब्दावर पेन थोडा वेळ तसंच धरलं, मग टोपण परत लावलं आणि पुढचा नंबर फिरवला.

जुळ्यांच्या आईला ताप होता. शिलाईनं गेल्याच महिन्यात रक्त दिलं होतं. ताईंनी तिला फोन केलाच नाही. ट्रकवाला दोन दिवसांच्या अंतरावर होता. उरलेल्यांपैकी कुणी परदेशी मुलाकडे गेलेलं, कुणी दुखण्यातून नुकतं उठलेलं. दर फोनला ताई दोन शब्द जास्त बोलत होत्या, आणि पलीकडचं माणूस चार.

अर्ध्या तासात किल्लीवाला आला, तोंडानं कुरकुरत आणि बाही आधीच वर दुमडून. तंत्रज्ञ मुलीनं त्याला आडवं केलं.

"बाजूची खुर्चीपण तयार कर," ताई तिला म्हणाल्या. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"कोण येतंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

ताई जाऊन खुर्चीवर टेकल्या आणि उजवा हात पुढे केला. मुलीनं नेहमीच्या सवयीनं बोटाला सुई टोचून थेंब घेतला, वजन विचारलं. अधिकारी लॅपटॉप तसाच टाकून उठले होते.

"तुमचाही तोच गट?"

"म्हणून तर वही सुरू केली," ताई म्हणाल्या. "आईच्या वेळी शोधलं होतं. सापडेपर्यंत तीन दिवस गेले."

शेजारच्या खुर्चीवरून किल्लीवाला मान वळवून बघत होता. बारा वर्षं ही बाई त्याच्या उशाशी उभी राहायची. आज प्रथमच ती त्याच्या बरोबरीनं आडवी होती.

"ताई, तुम्हाला भीती नाही ना वाटत?" त्यानं विचारलं.

"तुम्ही बोलत राहा," त्या म्हणाल्या.

चाचण्या आटोपून दोन्ही पिशव्या वर गेल्या तेव्हा पाच वाजत आले होते. साडेसहाला वरून फोन आला. बाई सावरली होती. मुलगी झालीय, आवाज खणखणीत आहे, असं परिचारिकेनं आपणहून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ताईंचा खांदा दाबला आणि त्या घरी गेल्या. तंत्रज्ञ मुलगीही गेली.

अधिकारी मात्र थांबले. त्यांनी यादीत नवी ओळ उघडली आणि ताईंचं नाव स्वतःच लिहिलं.

"आणखी काही वर्षं देता येईल तुम्हाला."

"येईल."

"फोन कधी करायचा?"

"कधीही."

"म्हणजे, दुपारी झोपत असाल, सकाळी कामं असतील..."

"कधीही करा. पहिल्या रिंगलाच उचलेन."

त्यांनी तसं लिहिलं. नोंद जतन करायला गेले तर पडद्यावर लाल ओळ उमटली. नंबर लागला नाही तर कळवायचा दुसरा नंबर भरल्याशिवाय नोंद पुरी होत नव्हती. बाकी सगळ्यांचे दुसरे नंबर ताईंनी न अडखळता सांगितले होते. शिलाईच्या शेजारणीचा, ट्रकवाल्याच्या मेव्हण्याचा, किल्लीवाल्याच्या दुकानासमोरच्या न्हाव्याचाही.

"दुसरा नंबर कुणाचा देऊ, ताई?"

ताई कोपरातला कापसाचा बोळा अजूनही दाबून धरून होत्या. त्यांनी तो उचलून पाहिला. रक्त केव्हाच थांबलं होतं. त्यांनी तो परत जागेवर ठेवला आणि हात कोपरात दुमडून धरला.

"इथलाच द्या," त्या म्हणाल्या. "रक्तपेढीचा."

अधिकारी काहीतरी बोलणार होते. ताईंना फोन इथूनच तर जाणार होता. पण त्यांनी मान खाली घातली आणि एकेक आकडा सावकाश टाइप केला. लाल ओळ गेली, नोंद पुरी झाली.