तार धरलेलं औषध

सिद्धाराम अप्पा कुणाकडं चहाला गेले, तरी कपात बघायच्या आधी मोरीत बघत. ही खोड स्वभावाच्या खाती टाकावी की नोकरीच्या, यावर ढोकीत दोन मतं होती. मूळचे मुरुमचे अप्पा तरणेपणीच इथल्या साखर कारखान्यात लागले, ते निवृत्तीपर्यंत ऊस गाळायच्या मिलवरच. मिलच्या सांदीत रस साचला की त्यात जंतू माजतात, रस बुळबुळीत होतो, बोटानं उचलला तर तार निघते. मग "तार धरली" म्हणायचं आणि कढत पाण्याचा पाइप घेऊन पळायचं. आपल्या पाळीत कधी तार धरली नाही, हे अप्पा स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत थांबायचा धीर त्यांना नव्हता.

लेक शिवप्रिया पुण्यात औषधाच्या कंपनीत होती. ती काय करते असं कुणी विचारलं की अप्पा म्हणत, "मलम करतीया." ती करायची ते असं, की त्याच जातीच्या जंतूंना साखरपाणी पाजायचं, ते सोडतील ती बुळबुळ शुद्ध करायची आणि वाळवून तिचा पातळ पापुद्रा करायचा. जखमेवर ठेवला की पापुद्रा ओल शोषून परत बुळबुळीत होतो आणि त्याच्या आधारानं नवी कातडी धरते. बाप जन्मभर जे खरडून काढत आला, त्याच्यावर लेकीचा पगार निघत होता. हा जमाखर्च तिनं घरी कधी मांडला नाही. ऐकलं असतं तर अप्पांनी तिच्या हातचं पाणीही आधी उजेडात धरून बघितलं असतं.

साखरेच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला म्हातारपणी साखरेचाच आजार जडला. पाय बधिर झाले. नव्या चपलेनं डाव्या टाचेला घासलं ते अप्पांना कळलंच नाही. कळलं तेव्हा जखम खोल गेली होती. धाराशिवच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की जखम भरली तर पाय राहील. शिवप्रियाच्या कंपनीचा पापुद्रा ते आधीपासून वापरत होते. ती स्वतः तो घेऊन आली. पट्टी सोडायची नाही, महेश्वरी सिस्टर घरी येऊन बदलतील, एवढं बजावून पुण्याला परत गेली. आत काय आहे, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टीची कड ओली दिसली. अप्पांनी बोट लावलं, अंगठ्याला टेकवून उचललं. तार निघाली.

त्यांनी बोट उजेडात धरून परत बघितलं. मग बायकोला, गिरिजाबाईंना, हाक मारून दार लावायला सांगितलं.

"पोरीचं औषध नासलंय. पाणी ठेव."

सिस्टरला बोलवू का, असं गिरिजाबाईंनी विचारलं. अप्पांनी आवाज खाली आणला. "खुळी का काय तू? सिस्टर डाक्टरला सांगंल, डाक्टर कंपनीला. पोरीची नोकरी जाईल. तिला बी बोलू नगं. रडत बसंल."

तेव्हापासून रोज पहाटे पट्टी सुटे, टाच धुतली जाई, आणि पट्टी होती तशी बांधली जाई. गिरिजाबाई पाणी कोमट आणत. अप्पा म्हणत, कढत आण, गारच हाय. त्या परत तापवून आणत. पायाला काही कळत नव्हतं. जखमेवर एवढं पाणी पडून आपण एकदाही हाय म्हटलं नाही, याचं त्यांना कौतुकच वाटे. सिस्टरनं पट्टी सोडली की आत काहीच नसे. तिला वाटे, जखमेनं ओढून घेतलं. ती नवा पापुद्रा ठेवून जाई. मग कडेला फोड आले. मग टाच काळी पडली.

पाय गुडघ्याखाली काढला. पापुद्रा कुठं बिघडला म्हणून शिवप्रियानं प्रयोगशाळेत राहिलेला सगळा माल तपासला. खोट सापडली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात आईनं पदर तोंडाशी धरून सगळं सांगितलं आणि विचारलं, "नासलंच हुतं न्हवं गं?"

शिवप्रिया आत गेली. अप्पा जागे होते.

"तुज्या अव्वानं, आईनं, सांगितलं व्हय?" ते म्हणाले. "सांगणारच ती. पर सिस्टरला कळू दिलं न्हाय म्या. पट्टीचा पीळसुद्धा तसाच ठिवायचो."

ती खाटेच्या कडेला बसली. आई दारात येऊन उभी राहिली.

"तार धरली हुती बघ, प्रिया. म्या वळखली. धुतलं नसतं तर आख्खा पाय सडला असता. गुडघा तरी वाचला."

खरं काय ते तिच्या ओठाशी आलं होतं. अप्पांच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसत होतं. हातचं काहीतरी वाचवल्याचं.

"व्हय अप्पा," ती म्हणाली. "नासलं होतं. माझंच चुकलं."

दारातून गिरिजाबाई लेकीचं तोंड बघत होत्या. रोज पाणी तापवलेले आपले हात त्यांनी पदराखाली घेतले.

अप्पांनी लेकीच्या हातावर हात ठेवला. चुकतंय माणूस, म्हणाले, शिकतंय. मग थोडं थांबून म्हणाले, "पर तसलं दुसऱ्या कुणाला लावू नगंस, बाई."

"न्हाय लावत, अप्पा."