ज्या परातीत गुणवंतरावांनी पाय ठेवले

मी एक जुनी पितळी परात आहे, मित्रांनो. काठाला पोचा, तळाला चीर. धानोऱ्याच्या बाजारातून मला घेतलं तेव्हा वाटलं होतं, आता लग्नाच्या पंगतीत मिरवणार. पण इसरूभाऊंनी मला चर्चमध्ये नेलं आणि गावाचे पाय धुवायला ठेवलं. पाय! मला फार राग आला होता.

इसरूभाऊ आमच्या जंगलातल्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थना चालवतात. पकडलं जाण्याच्या आदल्या रात्री येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून दरवर्षी पवित्र गुरुवारी ते बारा गावकऱ्यांचे पाय धुतात. जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. मोहफुलं वेचून आलेल्या त्या भेगाळलेल्या टाचा बघून माझा राग हळूहळू गेला.

गेल्या वर्षी गुणवंतराव आले. तालुक्यात त्यांच्या मर्जीशिवाय पान हलत नाही. त्याआधी त्यांच्या माणसांनी गावतळं बळकावलं होतं आणि गावातल्या सोमारीबाईची मासे धरायची जाळी जाळली होती. तिचं पोट त्या तळ्यातल्या मासोळीवर. तिने ठाण्यात तक्रार दिली, ती इसरूभाऊंनीच लिहून दिली होती.

निवडणूक जवळ आली होती. गुणवंतरावांना वाटलं, ज्याचे पाय धुतात तोच मोठा. म्हणून ते फोटोवाला घेऊन खुर्चीत येऊन बसले. खरं सांगू? मीही भुलले. एवढा मोठा माणूस, माझं तर भाग्यच उजळलं!

इसरूभाऊंनी त्यांचेही पाय नीट धुतले, पुसले. गुणवंतराव हळूच म्हणाले, "सोमारीले सांग, तक्रार वापस घे म्हणा. चर्चवर नवे पत्रे टाकून देतो."

इसरूभाऊंनी टॉवेल त्यांच्याच हातात दिला. "भाऊ, आमच्यात ज्याले पुढारी व्हाचं असन, तो पाय धुते. आता सोमारीबाईचे तुम्ही धुवा."

अगं बाई! सोमारी तर समोर येऊन बसलीसुद्धा, चिखलाचे पाय घेऊन. गुणवंतराव लालबुंद झाले. त्यांनी मला अशी लाथ मारली की भिंतीवर आदळून माझा तळ चिरला.

आठ दिवसांनी इसरूभाऊंना वाटेत अडवून त्यांचा पाय मोडला. कोणी, ते गावाला ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. त्या खुर्चीतल्या पायांना मी भुलले होते, याची मला अजून लाज वाटते.

यंदा गुरुवारी इसरूभाऊंना खाली बसता येईना. तेव्हा सोमारी उठली. ती चर्चची नाही, तरी तिने मला ओढलं आणि भाऊंचा वाकडा पाय माझ्यात ठेवला.

"माह्यापायी झालं हे," ती रडत म्हणाली. "घेऊ का तक्रार वापस?"

"नाई बाई. पाय तं जुळला. तू हटली, तं मंग या गावात कोणीच उभं राहणार नाई."

तिने तीनदा पाणी ओतलं, तीनदा ते चिरेतून वाहून गेलं.

मित्रांनो, सोमवारी सोमारीची कोर्टात तारीख आहे. तिला एकटीला जाऊ देऊ नका. आणि जाताना मलाही बाजारात न्या, माझी चीर झाळून, बुजवून आणा. पुढच्या वर्षी गुणवंतराव आले तर त्यांचेही पाय धुवायचे, असं इसरूभाऊ म्हणतात. माझं मन काही अजून तयार होत नाही. पण निदान तळ तरी धड असू द्या.