हिरामणची फळी

आगरदांड्याहून दिघीला जाणारी होडी मी तीस वर्षं चालवली. मधली फळी प्रतिष्ठितांची, असा तिथला रिवाज होता. महारवाड्यातल्या माणसांनी तळाशी, बकऱ्यांजवळ, पाणी साचतं तिथे बसायचं. रिवाज कुणी घातला ते अल्लाला ठाऊक. चालवत मात्र मी होतो.

एकोणीसशे सव्वीस साली महारवाड्यातला हिरामण येऊन थेट मधल्या फळीवर बसला. महार पलटण मोडल्यावर घरी आलेला शिपाई तो, पाठ अजून ताठ. फळीवरचे सगळे उठून धक्क्यावर उतरले. मी ओरडलो, "ऊठ रे हिऱ्या!"

"हिरामण म्हन, नजमुद्दीन. मग सांग."

मी हिरामण म्हटलं, तरी गडी उठला नाही! वेळ त्याने बरोबर हेरली होती. ओहोटी लागलेली. जरा उशीर झाला की होडी चिखलात रुतणार आणि पलीकडचा बाजार बुडणार. पाणी उतरत गेलं तसा विटाळही उतरला. एकेक जण नाक मुरडत चढला.

पुढची दहा वर्षं तो नेमका ओहोटीलाच यायचा. दोनदा मार खाल्ला, पण येणं सोडलं नाही. हळूहळू लोक सरकून त्याला जागा देऊ लागले. मीही त्याच्याबरोबर विडी ओढायला लागलो. त्या पहिल्या दिवसाची माफी मात्र मागायची राहिली.

छत्तीसच्या उन्हाळ्यात हिरामण तापाने गेला. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्याच्या जागेवर मी अबोलीची माळ घातली आणि बजावलं, "इथं कुणी बसायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पंधरवड्याने त्याची बायको कमळ आली आणि सवयीने तळाशी बसली, शेजारच्या घरातल्या गोदूजवळ. लुगड्याचा काठ पाण्यात भिजत होता. मी मोठ्या तोऱ्यात माळ दाखवली. "बघ वहिनी, त्याची जागा राखलीय."

"धा वरसं ते यकलेच वर बसले, आमी खालीच. आनि आता तितं फुलं बसवलीत?" ती म्हणाली. "जागा रिकामी ठेवाया न्हाय भांडले ते, नजमूभाय. बसाया भांडले."

माझी मान खाली गेली. हिरामणकडे मागायची राहिलेली माफी मी तिच्याकडे मागितली आणि माळ उचलली. कमळ फळीवर बसली. मग वाकून तिने हाक दिली, "गोदू, वर ये."

त्या दिवशी भरती होती. पाणी भरपूर होतं, घाई कुणालाच नव्हती. ज्याला उतरायचं त्याला खुशाल उतरता आलं असतं. कुणी उतरलं नाही.